मोजेकाकू

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील मध्यमवर्गीय वस्त्यांत, विशेषतः निवृत्त शिक्षिका, टपाल खात्यातील माजी कर्मचारी आणि सहकारी बँकांतून रोखपाल म्हणून बाहेर पडलेल्या स्त्रियांमध्ये, जो एक सामाजिक प्रकार आढळतो, त्यास सोयीसाठी ‘मोजेकाकू’ म्हणता येईल. लोकरीचे पायमोजे विणणे, साहसाच्या व रहस्याच्या कादंबऱ्या वाचणे आणि दूरचित्रवाणीवरील विक्षिप्त मालिका पाहणे ही या प्रकाराची तीन व्यवच्छेदक लक्षणे असून, तिन्ही एकाच व्यक्तीत आणि शक्यतो एकाच संध्याकाळी दिसली, तरच नमुना शुद्ध मानावा. मराठी विश्वकोशाचे कार्यालय याच प्रदेशात, वाईला, असूनही मोजेकाकूंना त्यात नोंद मिळालेली नाही. ज्ञानाच्या शेजारी राहणाऱ्यांच्या वाट्याला अशी उपेक्षा येतेच.

पायमोजा या प्रदेशाच्या हवेला मानवत नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या डिसेंबरात दवबिंदू गोठतात, आणि तेवढी बातमी छापून आली की काकूंना पुढचे अकरा महिने विणण्यास नैतिक आधार मिळतो. पण सांगलीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना लोकरीचा मोजा ही भेट ठरते की शिक्षा, याविषयी घेणाऱ्यांत आणि देणारीत मतभेद आहेत. लोकरीचा प्रश्नही असाच गुंतागुंतीचा आहे. माणदेशात धनगरांचे कळप पूर्वापार आहेत, मात्र दख्खनी मेंढीची लोकर राठ असल्यामुळे तिचे घोंगडे उत्तम होते आणि मोजा टोचतो. काकूंनी हे एकदा प्रयोगाने सिद्ध केलेले असते, यजमानांनी तो मोजा एकदाच घातलेला असतो, आणि तेव्हापासून घरात लुधियानाची लोकर येते.

या छंदाचे मूळ शोधू जाता 1962 पर्यंत मागे जावे लागते. त्या हिवाळ्यात चीनशी युद्ध पेटल्यावर सीमेवरील जवानांसाठी देशभर स्त्रिया आणि शाळकरी मुली स्वेटर, मफलर व मोजे विणू लागल्या होत्या; त्यातच कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांनी नोव्हेंबरात संरक्षणमंत्रिपद स्वीकारल्यामुळे या भागात सुयांना आणखी जोर चढला असावा, असे मानण्यास जागा आहे. आपशिंगे या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हे उपपद लागते, अशा जिल्ह्यात सैनिकाच्या पायांची काळजी घेणे हा कौटुंबिक शिष्टाचार होय. युद्ध मात्र महिन्याभरात थांबले, आणि पहिला मोजाही पुरा न झालेल्या कित्येक मुलींच्या हाती सुया तशाच राहिल्या. मोजेकाकू त्या मुलींच्या किंवा त्यांच्या धाकट्या बहिणींच्या पिढीच्या आहेत.

मोज्याच्या रचनेची थोडी ओळख करून घेतल्याशिवाय काकूंचा स्वभाव कळत नाही. बारीक लोकरीच्या मोठ्या माणसाच्या मोज्यासाठी साधारण 64 टाके घालून ते चार सुयांवर सोळा-सोळा वाटून घेतात आणि पाचव्या सुईने गोलगोल विणत जातात. ही नळी विणताना डोके रिकामे असते, त्यामुळे मांडीवर कादंबरी उघडी ठेवता येते. नंतर टाच येते. निम्मे टाके बाजूला ठेवून उरलेल्या बत्तीस टाक्यांवर सुलट-उलट अशी एक पट्टी विणायची, मग मध्यावरून परत फिरत टाके कमी करत तिला वाटीसारखा आकार द्यायचा, आणि काठाचे टाके उचलून पुन्हा गोल सुरू करायचे, असा हा विधी आहे. सपाट पट्टी एकाएकी वळून पायाची होते ती इथेच. या काळात घरात कोणी काही विचारले, तर “आत्ता नको, टाच चालू आहे” एवढेच उत्तर मिळते, आणि ते जावयापासून गॅसचे सिलिंडर आणणाऱ्यापर्यंत सर्वांना सारखेच लागू असते.

वाचनाच्या बाबतीत मोजेकाकू अभिजाततेच्या भानगडीत पडत नाहीत. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी बाबूराव अर्नाळकर या नावाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांतील झुंजार आणि काळा पहाड यांच्याशी काकूंचे संबंध सख्ख्या दिरांशी असतात त्याहून बरे असतात. फास्टर फेणे त्यांनी मुलांसाठी आणला आणि स्वतः आधी वाचला. सर्वांत मोठा मान मात्र ‘वीरधवल’कार नाथमाधवांना, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे यांना. शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून कोसळल्यामुळे त्यांचे पाय कायमचे गेले, आणि लेखन त्यानंतर बहरले. साहस बसल्या जागी करता येते, याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही, आणि तो ज्या काकूंना अत्यंत प्रिय आहे त्यांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चाळीस वर्षे राहूनही किल्ला एकदाच पाहिलेला असतो, तोही शाळेची सहल न्यावी लागली म्हणून.

मालिकांपाशी या प्रकाराच्या दोन उपजाती होतात. सातारी काकू पात्रांकडे पाहत नाही, पात्रांच्या मागच्या भिंतीकडे पाहते. ‘लागिरं झालं जी’ आणि ‘देवमाणूस’ या मालिकांचे चित्रीकरण साताऱ्याच्या परिसरातच झाल्यामुळे नायिका हुंदके देत असताना तो सोपा कोणाचा, ती विहीर कोणत्या वाटेवरची, याची चर्चा अधिक रंगते. खुनी डॉक्टरची गोष्ट सांगणाऱ्या ‘देवमाणूस’चा परिणाम एवढाच झाला की, गुडघ्याच्या गोळ्या बदलून देणाऱ्या डॉक्टरांकडे काकू आता थोडा अधिक वेळ पाहतात. सांगलीकर काकूचा दृष्टिकोन वेगळा आहे. विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हापासून अभिनयाचा निवाडा करण्याचा अधिकार गावाकडे आहे, अशी तिची धारणा असल्यामुळे ती मालिकेतील भुतालाही शब्दोच्चार स्वच्छ नसल्याबद्दल गुण कमी देते. ‘रात्रीस खेळ चाले’च्या 2019 मधील दुसऱ्या भागात पहिल्याच्या आधीची कथा आली, तेव्हा काही प्रेक्षक गोंधळले, काकू गोंधळल्या नाहीत, कारण मोजा वरच्या पट्टीपासून खाली जसा विणता येतो, तसा बोटांपासून वरही विणता येतो, आणि टाच दोन्हींत मध्येच येते.

तरीही एक कोडे उरते. मोजेकाकूंच्या ट्रंकेत मोजे पुष्कळ असतात, पण जोड्या फार थोड्या असतात. आळस, विसर किंवा लोकर संपणे ही याची रूढ कारणे टिकत नाहीत, कारण त्याच लोकरीचा तिसरा, चौथा मोजा निराळ्या नक्षीत सुरू झालेला असतो. खरे कारण त्यांच्या वाचनात आहे. खुनी कोण हे कळलेली कादंबरी त्या पुन्हा उघडत नाहीत, आणि पहिला मोजा पुरा झाला की टाच कशी वळली, नक्षी जुळली की नाही, बोटांशी टाके कसे मिटले हे सारे उलगडलेले असते. दुसऱ्या मोज्यात रहस्यच नसते. तो निव्वळ कर्तव्य म्हणून विणावा लागतो, आणि कर्तव्ये काकूंनी निवृत्तीच्या दिवशीच कचेरीत ठेवून दिलेली आहेत.

याचा व्यावहारिक भार सांगलीतील लेकीच्या घराला सोसावा लागतो. साताऱ्याच्या काकू कोयना एक्स्प्रेसने निघतात, कऱ्हाडपर्यंत नळी पुरी करतात, टाच सुरू करण्याआधी किर्लोस्करवाडी आल्याचा फोन करतात, आणि मग जावई मे महिन्याच्या उकाड्यात कपाट उघडून एक निळा व एक तपकिरी मोजा चढवून, पंखा पाचावर ठेवून, स्टेशनवर जायला तयार होतो.