मैदानाचे लाभार्थी

शाळेत खेळाचे फायदे फार, यावर संस्थाचालकांपासून पालकांपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. मुलांना कुणी विचारलेलं नाही. त्यांचा यात संबंध येतो कुठं?

सगळ्यात जास्त फायदा गणिताच्या सरांना. पी.टी.चा तास नसता, तर दहावीचा पोर्शन पुरा झालाच नसता. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आमच्याकडे आठवड्याचे दोन तास. एक प्रमेयात जातो, दुसऱ्यात ‘तोंडावर बोट’ हा बैठा खेळ होतो. पंच म्हणून मॉनिटर. पी.टी.चे सर? ते मतदारयाद्या तपासतायत.

चेंडू कपाटात, कपाटाला कुलूप आणि डेडस्टॉक रजिस्टरात नोंद. तपासणीला आलेले साहेब फुटबॉल दाबून बघतात आणि ‘साहित्य उत्तम स्थितीत’ असा शेरा मारतात. पोरांच्या हाती दिला असता, तर मिळाला असता का हा शेरा?

शिक्षणहक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळेला मैदान हवंच म्हणून सांगितलं. आहे की! लग्नसराईत मांडव, निवडणुकीत सभा, एरवी स्कूलबस. १९५२ साली पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला धाडण्यासाठी त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. पोरगा कांस्यपदक घेऊन आला म्हणून ठीक, पण हिशेब म्हणून बघा: सगळा आतबट्ट्याचा. शहाणा संस्थाचालक घर सांभाळतो, मैदान भाड्यानं देतो.

वर्षातून एकदा मात्र मैदानावर फक्की पडते. क्रीडामहोत्सव! पोरं उन्हात ओळीनं उभी, पाहुणे मांडवात. दीड तास खिलाडूवृत्तीवर भाषण. चक्कर येऊन पडणाऱ्यांची संख्या बघता तग धरण्याची एवढी कसून परीक्षा ऑलिंपिकमध्येही होत नसावी.

आणि पालक? त्यांना खेळाची गोडी नाही, असं कोण म्हणतं? दहावीत खेळाचे वाढीव गुण मिळतात, हे कळलं की नववीच्या जूनमध्येच त्यांना ती लागते. परवा एक वडील पी.टी.च्या सरांना गाठून विचारत होते, “सर, क्लास न बुडवता, घाम न येता जिल्ह्यापर्यंत जाईल असा एखादा खेळ सांगा ना.”

सरांनी बुद्धिबळ सुचवलं.

“चालेल,” वडील म्हणाले, “पण त्यात डोकं नाही ना फार खर्च होत? ते बोर्डासाठी ठेवलंय.”