पालकहो, प्रकल्पाला लागा!

जून उजाडला, शाळा भरल्या. मूल सहावी-सातवीत गेलं की घरात एक नवं खातं उघडतं: सामान्य विज्ञान. हे खातं मूल सांभाळतं, असा एक भाबडा समज आहे. तो वेळीच दूर व्हावा म्हणून जासई आणि पंचक्रोशीतल्या समस्त पालकवर्गासाठी या सूचना.

पहिली, प्रकल्पाबाबत. प्रकल्प मिळतो मुलाला, करते आई, खर्च करतो बाप आणि गुण मिळतात थर्माकोलला. २०१८ साली राज्याने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आणली. बाप्पांनी मुकाट्याने मखर बदललं. सूर्यमालेने मात्र दाद दिली नाही. 'प्रदूषण : एक समस्या' हा प्रकल्प तर थर्माकोलशिवाय उभाच राहत नाही. प्रकल्पाची आठवण आदल्या रात्री दुकानं बंद झाल्यावरच होते. हा निसर्गनियम आहे, फक्त तो पुस्तकात दिलेला नाही.

दुसरी, प्रयोगाबाबत. उदाहरणार्थ, खाऱ्या पाण्यापासून मीठ वेगळं करणे. साहित्य: वाण्याकडची मिठाची पिशवी, पाणी, पातेलं, शेगडी. कृती: मीठ पाण्यात विरघळवा, पाणी आटवा, मीठ परत मिळवा. निष्कर्ष: होतं त्याहून थोडं कमी मीठ मिळालं आणि पातेलं करपलं. आता, आपल्या उरण तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकत आलं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ऊन फुकट मिळतं आणि मिठागरात उन्हाळे काढलेले आजोबा ओटीवरच बसलेले असतात. पण साहित्याच्या यादीत आजोबा नाहीत. यादीबाहेरचं साहित्य वापरल्यास गुण कापले जातील.

तिसरी, अनुकूलनाबाबत. सातवीच्या पुस्तकातला हा पहिलाच पाठ. वाळवंटातल्या उंटाविषयी आपलं मूल पाच मुद्दे घडाघडा म्हणून दाखवेल. इकडे खाडीच्या काठाला तिवरं उभी असतात. चिखलात हवा नाही म्हणून मुळं वर काढून श्वास घेतात, जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतात. पानाला जीभ लावली तर खारट लागतं. परंतु परीक्षेला उंट येतो. त्यात सोयही आहे. तिवरांवर टाकतात तसा उंटावर कोणी भराव टाकत नाही, त्यामुळे उत्तर दरवर्षी बदलावं लागत नाही.

चौथी, घरातल्या वडीलधाऱ्यांबाबत. भरती कधी येणार असं आजीला विचारलं, तर ती उलट विचारते, "आज कंची तिथी हाय?" चौथ असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी भरणार. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. आजीने ४५ धरली; एवढी घट-वाढ तर बँकही माफ करते. हे सगळं मूल विज्ञानाच्या तासाला सांगायला उभं राहिलं, तर त्याला खाली बसवलं जाईल, कारण भरती-ओहोटी सातवीच्या भूगोलात आहे. चंद्राला अद्याप तसं कळवण्यात आलेलं नाही.

पाचवी, निरीक्षणाबाबत. आपल्या भागात वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिला मुहूर्त मेच्या मध्याला; तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा जुलैच्या अखेरीला, तेव्हा ढगांमुळे सूर्याला. शासनाने २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पानं घातली होती. अख्ख्या पुस्तकात स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहायची तेवढीच जागा. पण गाइडमध्ये कोऱ्या पानांची उत्तरं नव्हती. पानं कोरीच राहिली आणि पुढे ती काढूनही टाकली.

यात गुरुजींना बोल लावू नये. मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, प्रशिक्षण आणि त्या प्रशिक्षणाचा फोटो एवढं उरकून उरलेल्या वेळात त्यांना प्रकाशाचं परावर्तन करायचं असतं. त्यात एखाद्याने खरोखरच वर्ग खाडीवर नेला, तर अभ्यासक्रम कधी पुरा करणार म्हणून पहिला फोन आपलाच जातो.

शेवटची सूचना, प्रश्नांबाबत. जासई हे शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं गाव. १९८४ च्या जानेवारीत इथल्या शेतकऱ्यांनी नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा जाब सरकारला विचारला. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचं तत्त्व निघालं. अशा गावातल्या एखाद्या पोराने भर तासाला उभं राहून 'कशावरून?' एवढंच विचारलं, तर त्याला दटावू नका. साडेबारा टक्के विज्ञान पदरात पडलं असं समजा. उरलेलं साडेसत्त्याऐंशी टक्के थर्माकोलच आहे.