‘चढलाच आहात तर’: छताचा पंखा आणि वायरमन

छताचा पंखा बिघडण्याची घटना मराठी मध्यमवर्गीय घरात सहसा चैत्र-वैशाखातच घडते, आणि तिच्यामागे पंख्याच्या खोडसाळपणाखेरीज एक शास्त्रीय कारणही आहे. थंडीत पंखा बंद असतो किंवा दोनवर रेंगाळत असतो, त्यामुळे त्याची ताकद केव्हा ओसरली हे कोणाच्या ध्यानात येत नाही. होळी होऊन गेली की रेग्युलेटर पाचवर नेला जातो, आणि पाचवरही पंख्याची पाती मोजता येऊ लागली म्हणजे कुटुंबाला दुखण्याचा शोध लागतो.

या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीजभार साठवणाऱ्या बोटभर लांबीच्या डबीत असते. घरात येणारा २३० व्होल्टचा प्रवाह सिंगल फेजचा असतो, आणि अशा प्रवाहाने निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राला नुसते उलटसुलट होता येते, गोल फिरता येत नाही. म्हणून मोटारीत तारेची दोन वेटोळी ठेवून त्यांपैकी एकाच्या वाटेत कंडेन्सर बसवतात, जेणेकरून दोन्ही वेटोळ्यांतले प्रवाह एकमेकांच्या मागेपुढे चालावेत आणि क्षेत्राला फिरण्याची दिशा मिळावी. साधारण अडीच मायक्रोफॅरडच्या या डबीची क्षमता उष्णतेने आणि वयाने घटत जाते तसा पंखा मंदावतो, आणि ती पुरती निकामी झाली की तो नुसता घुमतो, जागचा हलत नाही. या अवस्थेत त्याला काठीने ढोसले तर तो चालू लागतो, हे ज्ञान बहुधा घरातल्या आजोबांकडे असते. मात्र ढोसण्याची दिशा चुकली तर तो तितक्याच निष्ठेने उलटा फिरून छताला वारा घालत राहतो, आणि हे उमगेपर्यंत दुपारची झोप गेलेली असते. कुटुंबात कोणी संगणक अभियंता असल्यास यानंतर त्याचे मत घेतले जाते, व एक आठवडा आणखी जातो.

मग वायरमनला फोन होतो. हा गृहस्थ आयटीआयमध्ये, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेला असतो किंवा कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात कोणाच्या तरी हाताखाली तयार झालेला असतो, आणि दोन्ही परंपरांत ‘निघालोच, पाच मिनिटांत पोहोचतो’ हे वाक्य पक्के करून घेतले जाते. ते खोटे म्हणता येत नाही, कारण ते उच्चारताना तो दुसऱ्या कोणाच्या तरी स्टुलावर उभा असतो, आणि ती पाच मिनिटे त्या घराने आधीच अडवलेली असतात.

आल्यावर तो वर पाहतो, थोडा वेळ गप्प राहतो आणि विचारतो, “काकू, हा बसवला कोणी होता?” शास्त्रग्रंथांत स्वमत मांडण्याआधी पूर्वपक्षाचे खंडन करण्याची जी जुनी रीत आहे, ती आज विद्यापीठांपेक्षा या व्यवसायात अधिक निष्ठेने पाळली जाते. आधीच्याने जोड नीट दिलेला नाही, टेप स्वस्तातली वापरली आहे, रॉडची पिन वाकवलेलीच नाही, असे दोष एकेक करून निघतात. आणि आधीचा तो स्वतःच होता असे काकूंनी दाखवून दिले, तर “तेव्हा मालच तसा यायचा” असा निर्वाळा मिळतो.

प्रत्यक्ष काम स्टुलापासून सुरू होते. या स्टुलाचा एक पाय आखूड असतो, त्याखाली गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेचे पान चौपदरी घडी घालून सरकवले जाते आणि घरच्या कर्त्या पुरुषाची नेमणूक ते धरून ठेवण्यावर होते. ‘मेन बंद करा’ की ‘नुसते बटण बंद केले तरी चालेल’ या प्रश्नावर येथे थोडी चर्चा होते, आणि ती वायफळ नाही: बटण फेजच्या तारेवर, म्हणजे ज्या तारेतून वीज येते तिच्यावर असायला हवे, पण काही जुन्या घरांत ते परतीच्या न्यूट्रल तारेवर बसवलेले आढळते, आणि मग पंखा थांबलेला दिसतो पण वर तार जिवंतच असते. त्याच्या शोधासाठी टेस्टर लावतात. या स्क्रू-ड्रायव्हरवजा साधनाचे टोक तारेला आणि बोट दुसऱ्या टोकाला टेकले की वीज असल्यास आतला इवलासा दिवा लागतो, आणि त्यासाठी लागणारा अत्यल्प प्रवाह वायरमनच्याच अंगातून जातो, ही गोष्ट स्टूल धरणाऱ्याला सहसा ठाऊक नसते हे बरेच आहे.

रॉडवरचा कप खाली सरकतो, वर्षाची काळी धूळ पलंगावरच्या धुतलेल्या चादरीवर उतरते, दोन तारा सुटतात, दोन जोडल्या जातात आणि पंखा फिरू लागतो. येथे काम संपले असे परक्या माणसाला वाटेल. वस्तुतः याच क्षणी काकू म्हणतात, “दादा, आता वर चढलाच आहात तर तेवढी ट्यूब बघा ना.” ट्यूबनंतर बेलचा आवाज, बेलनंतर पडद्याचा दांडा आणि शेवटी माळ्यावरची सुटकेस, जिचा विजेशी काडीचाही संबंध नसतो. उंचीवर पोहोचलेला माणूस सार्वजनिक मालमत्ता होतो, अशी या घरांची श्रद्धा असावी.

जाता जाता तो ‘आता बीएलडीसी घ्या’ असा सल्ला देतो. ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटारीचा हा पंखा साध्या पंख्याच्या सुमारे पंचाहत्तर वॅटऐवजी तीसेक वॅटमध्ये भागवतो, आणि १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीचे तारांकन सक्तीचे झाल्यापासून दुकानांत त्याचा बोलबालाही वाढला आहे. सल्ला योग्य आहे. फक्त त्याचा रिमोट उशीखाली हरवतो आणि सर्किट गेले तर काठीने ढोसण्याची आजोबांची विद्या निरुपयोगी ठरते.

पैशांच्या वेळी मात्र घर एकमुखाने बोलते. कंडेन्सर शंभराच्या आतला आणि काम दहा मिनिटांचे, तर इतके कसे, असा हिशेब मांडला जातो, आणि त्या दहा मिनिटांत बेल, पडदा व सुटकेस कधीच धरलेली नसते. वाचकांना विनंती एवढीच, की पंख्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि ट्यूबचे वेगळे द्यावेत.