नानांची रेघ

सुरतेत बदलून आलो त्याच आठवड्यात नाना जिन्यात भेटले. ओळखपाळख झाली आणि तिसऱ्याच वाक्याला म्हणाले, "आमचं सागवानी कपाट रेलमध्ये गेलं." मला वाटलं, बिचाऱ्यांनी सामान रेल्वेनं पाठवलं असेल आणि वाटेत कोणीतरी उतरवून घेतलं असेल. सहानुभूतीनं विचारलं, "मग तक्रार नाही केली?"

"कोणाकडे?" नाना म्हणाले. "तापीकडे?"

सुरतेत पुराला रेल म्हणतात, हे मला असं कळलं.

रेल म्हणजे ऑगस्ट २००६ची. उकाई धरणातून पाणी सुटलं, खाली समुद्राला पौर्णिमेची भरती, त्यामुळे तो पाणी घेईना. मधल्यामध्ये सुरत बुडाली. आमच्या अडाजणात तळमजले गेले आणि नाना तळमजल्यावरचे. तीन रात्री बिऱ्हाड गच्चीवर. वरून हेलिकॉप्टरमधून पाण्याची पाकिटं पडायची. त्यात ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा! "दरवर्षी नारळ घेऊन पाण्याकडे जावं लागतं," नाना सांगतात, "त्या वर्षी गच्चीच्या कठड्यावरूनच सोडला. रिक्षाचं भाडं वाचलं." भांडीकुंडी, कपाट, मुलीच्या लग्नाचे फोटो, सगळं चिखलात गेलं. ते मात्र असं सांगतात, जसं कोणी डुमसच्या सहलीचं वर्णन करावं. त्या तीन दिवसांबद्दल त्यांची तक्रार एकच आहे. दुसऱ्या मजल्यावरचे मोटाभाई घोरतात.

तसं पाहिलं तर त्याआधी १९९४चा प्लेगही त्यांनी पचवला होता. गणपती बोळवून दोन-चार दिवस झाले असतील-नसतील, तोच शहरात पळापळ सुरू झाली. टेट्रासायक्लिनची गोळी औषधाला मिळेना. माणसं भुसावळच्या गाडीला लोंबकळत खानदेशात परतत होती. नानांनी बायकोमुलांना अमळनेरला रवाना केलं आणि स्वतः नाकाला उपरणं बांधून परत कामावर हजर. तेव्हाचं काय आठवतं म्हणून विचारलं, तर म्हणतात, "चहावाला पळून गेला हो. आठ दिवस स्वतःच्या हातचा चहा प्यालो. तो काय चहा होता?"

असा हा माणूस. महामारी झाली, महापूर झाला, केस वाकडा झाला नाही. आणि लिफ्टचं दार कोणी चौथ्या मजल्यावर उघडं टाकलं, की याचा रक्तदाब वाढतो.

सकाळी दूधवाला पिशवी कडीला न लावता पायपुसण्यावर ठेवतो. समोरच्याची स्कूटर रेघेत उभी नसते, तिरपी असते. दुकानदार रुपया सुटा नाही म्हणून खोकल्याची गोळी हातावर ठेवतो. नानांकडे अशा गोळ्यांची बरणी भरली आहे आणि त्यांना खोकला होत नाही. शेजारच्या पानवाल्याच्या गल्ल्यावरचा डबा 'दस रुपये प्राप्त हुए' असं दिवसभर ओरडतो. "दुसऱ्याला किती मिळाले ते मला कशाला सांगतो?" हा नानांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मलाही सुचलेलं नाही.

याचं मूळ त्यांच्या धंद्यात असावं. नानांनी तीस वर्षं कापड तपासलं. मागावरून उतरलेलं कोरं ग्रे कापड तिरक्या काचेवरून सरकत जातं, काचेखाली ट्यूबलाइट, आणि नाना खडू घेऊन उभे. शंभर-सव्वाशे मीटरचा ताका डोळ्यांसमोरून जायचा. त्यात सुटलेला एक धागा, तेलाचा एक थेंब दिसला, की कडेला खडूची खूण. चांगल्या कापडाकडे बघण्याचा पगार त्यांना कोणी दिलाच नाही. निवृत्त झाल्यावर खडू गेला, नजर तीच राहिली. परवा माझ्याकडे पोळी खाताना त्यांनी पोळी उजेडाकडे धरून पाहिली. सवयीनं असेल, पण आमच्या घरी अजून त्यावर चर्चा चालू आहे.

बरं, राहायला गाव मिळालं ते सुरत. इथं एकदा म्हणे खमण बिघडलं, तर लोकांनी ते फेकलं नाही; त्याला लोचो म्हटलं, वर तेल, शेव, कांदा घातला आणि सकाळच्या नाश्त्याला खायला सुरुवात केली. खरंखोटं तो खमणवाला जाणे. पण ज्या गावात घोटाळासुद्धा बशीतून चमच्यानं खातात, तिथं नानांसारख्यानं कोणापुढे डोकं फोडावं? शिवाय अस्सल सुरती माणसाकडे वैतागावर स्वस्त औषध आहे: शिवी. मोटाभाईंची चप्पल कुत्र्यानं नेली तर ते त्या कुत्र्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार करतात आणि पुढच्याच वाक्यात रात्री जेवायला काय आहे ते विचारतात. विषय संपला. नानांना शिवी देता येत नाही. खानदेशातल्या माळकरी घरात वाढलेला माणूस, फार तर "काय करी राह्यना रे भो!" इतकंच तोंडातून निघतं. त्यामुळे मोटाभाईंचा राग वाफेसारखा उडून जातो, नानांचा मुरतो. लोणच्यासारखा.

मुरल्यावर तो सोसायटीच्या फळ्यावर उतरतो. नाना शिकले मराठी शाळेत. गुजराती अक्षरं पुढं कामावर, ताक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकले. गुजराती लिपीला वर रेघ नसते. नाना देतात. अक्षर उघड्या डोक्यानं उभं आहे, हे त्यांना बघवत नाही. 'लिफ्टनो दरवाजो बंध करवो' अशी सूचना खडूनं लिहायची, आणि मग डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ ओढायची, पट्टी लावून. पोरं त्या सूचना वाचत नाहीत, पण बघायला मात्र येतात.

हिशेबात ते इतके पक्के, की नेलेली बादली, घेतलेला बल्ब, उसनं नेलेलं अर्धं लिंबू, सगळं परत मागतात. मागायला दारात उभे राहिले, की मोटाभाई हात जोडतात. "नाना, १६६४मां लई गया, १६७०मां लई गया, हजी केटलुं बाकी छे?" महाराजांचं नाव निघालं, की नानांची छाती दोन इंच फुगते आणि बादली तिथंच राहते. मोटाभाईंना ही युक्ती सापडल्यापासून नानांच्या तीन बादल्या त्यांच्याकडे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, माणसानं एवढं सोसलंय तर त्याला मोठं काय, लहान काय हे कळायला नको? कळतं ना. दुसऱ्याच्या बाबतीत लख्ख कळतं. माझ्या इंटरनेटचा एकदा दोन दिवस खोळंबा झाला. मी कुरकुर केली, तर नाना मला हाताला धरून जिन्याखाली घेऊन गेले. तिथं भिंतीवर, त्यांच्या दाराच्या चौकटीच्या वर वीतभर अंतरावर, लाल ऑइलपेंटची आडवी रेघ आहे. रेलचं पाणी तिथवर आलं होतं. "हे बघा," म्हणाले, "आणि मग इंटरनेटचं बोला." सोसायटीत कोणीही रडगाणं लावलं, की त्याला या रेघेचं दर्शन घडतं. एका सुनेला तर सासूबद्दल बोलताना इथं आणून उभं केलं होतं. मात्र पायपुसण्यावरच्या दुधाच्या पिशवीला रेघ लागू नाही. मी एकदा धीर करून त्यांनाच रेघेपाशी नेलं. ते म्हणाले, "रेल एकदा आली. दूधवाला रोज येतो." यावर काय बोलणार?

गेल्या दिवाळीला सोसायटीनं जिना रंगवून घेतला. जुनी रेघ रंगाखाली गेली, म्हणून पेंटरनं अंदाजानं नवी ओढून दिली. नाना बाजारातून आले, पिशवी हातातच, आणि रेघेकडे बघत उभे राहिले. मग स्टूल मागवलं. चौकटीवर अंगठा टेकवला, वीत ताणली, उरलेल्या जागेवर बोटं आडवी धरली. चार बोटं.

पेंटर म्हणाला, चार बोटांनी काय बिघडतं? मोटाभाई वरून उतरता उतरता म्हणाले, "अरे नाना, रेल मोटी देखाय, एमां खोटुं शुं?" दोन-तीन जण हसले. सेक्रेटरी म्हणाले, आता रंग वाळलाय, राहू द्या.

"पाणी तिथपर्यंत आलंच नव्हतं," नाना म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. कोणी काही बोललं नाही. पेंटरनं ती रेघ खरवडली, हात मारला आणि नानांनी बोट ठेवलं तिथं नवी ओढली. नाना स्टूल धरून शेवटपर्यंत उभे होते. रेघ झाली, त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि दारातून वळून पेंटरला म्हणाले, "डब्याचं झाकण नीट लाव रे. मागच्या वेळी अर्धा डबा वाळून गेला होता."