दोन बाय दोनचे काका

सत्यनारायणाच्या पूजेला गेलं की आपण चौरंगापुढे वाकतो. फरशीकाका उंबऱ्यातच वाकतात. यजमानांना वाटतं, केवढा भाविक माणूस! काका सांधा बघत असतात. उठताना खिशातलं नाणं काढून कोपऱ्यातल्या टाइलवर हळूच टकटक करतात, कान देतात, आणि तीर्थ घ्यायच्या आधी निदान सांगून टाकतात, "पोकळ आहे. खाली माल नाही."

असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतातच. निवृत्त, बहुधा बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून. स्वतःच्या फ्लॅटच्या टाइल्स आयुष्यात एकदाच बदललेल्या, पण तेवढ्या अशिलावर जन्मभराची वकिली चालू. किल्ल्यांच्या जुडग्यात मोजपट्टी, शर्टाच्या खिशात खडू. खडूवरून शिक्षक वाटतात, आणि ते तसं वाटू देतात.

वरच्या मजल्यावर नवीन जोडपं आलं. त्यांनी लिफ्टमध्ये सहज विचारलं, "काका, हॉल-बेडरूमला कोणती साइज घ्यावी हो?" असा प्रश्न लिफ्टमध्ये विचारायचा नसतो, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? काका तिसऱ्या मजल्यावर उतरायचे ते पाचव्यावर उतरले.

"खोली किती बाय किती?"

"दहा बाय बारा."

"टाइल?"

"दोन बाय दोन म्हणतोय."

"दोन बाय दोन नावाची टाइल जगात नाही," काका म्हणाले आणि खडू काढला.

आता हे खरं आहे, म्हणूनच काका असह्य होतात. ज्याला आपण दोन फूट म्हणतो ती टाइल असते ६०० मिलिमीटरची; दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१० मिलिमीटर. दहा फुटांची भिंत ३०४८ मिलिमीटर. पाच टाइल्स लावल्या, सांधे धरले, की शेवटी भिंतीशी दीड इंचाची पट्टी उरते. मिस्त्री ती कापताना दोन वेळा तोडणार, तिसऱ्यांदा बसवणार, आणि तुम्ही जन्मभर ती बघत चहा पिणार. काकांनी जमिनीवर रेघा मारून उपाय दाखवला. दाराच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची नाही, खोलीचा मध्य काढायचा. मधे चार अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही कडांना फूटभराहून थोडे मोठे तुकडे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. नवऱ्याने मोबाइलवर फोटो काढला. बायकोने घड्याळ बघितलं.

खोक्याचंही तेच. खोक्यात चार टाइल्स. दुकानदार तोंडाने १६ चौरस फूट म्हणतो, भरतात साडेपंधरा. चाळीस खोक्यांमागे वीस चौरस फूट हवेत जातात. काकांच्या मते महागाईचं मूळ इथे आहे.

दुकानात काका सोबत आले तर विक्रेते आपापसात चिठ्ठ्या टाकत असावेत. कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये नवीन मुलगा सापडला. म्हणाला, "सर, सध्या दोन बाय चारच चालतंय." काकांनी त्याच्याकडून दोन लांब टाइल्स मागवल्या, चकाकत्या बाजू समोरासमोर ठेवून चिकटवून उभ्या करायला लावल्या आणि टोकाच्या फटीत नाणं सरकवलं. ते गेलं. लांब टाइल भाजताना मधे किंचित फुगते, हे त्या पोराला त्या दिवशी कळलं. म्हणूनच विटांसारखी अर्ध्यावर सांधा घेऊन ती लावायची नाही, नाहीतर एकीचं पोट दुसरीच्या टोकाशी येतं आणि अंगठा ठेचतो. एक तृतीयांशावर सरकवायची. हे सगळं काकांनी खुर्चीत बसून, दुकानाचाच चहा पीत सांगितलं.

बाथरूमच्या बाबतीत मात्र ते मोजमाप न विचारता निकाल देतात. "एक बाय एक. खरखरीत." जाळीकडे चारी बाजूंनी उतार द्यायचा तर छोटीच टाइल हवी. मोठी टाइल लावली की पाणी आपल्या मनाने कोपऱ्यात बसून राहतं. काकांचं वाक्य असं, "उतार टाइलला कळत नाही, सांध्याला कळतो."

काकूंना हे सगळं पाठ आहे. सोमनाथ-द्वारकेच्या यात्रेला निघालेल्या काकूंना त्यांनी राजकोटहून वाकडी वाट करून मोरबी दाखवलं आहे. देशातल्या बहुतेक टाइल्स तिथे बनतात म्हणून. "द्वारकेत अर्धा तास, मोरबीत अख्खा दिवस," एवढंच काकू सांगतात. माहेरच्या शहाबादी फरशीवर पातेलं पडलं तर पातेल्याला पोचा यायचा, इथे टाइलचा टवका उडतो आणि दोन दिवस घरात सुतक असतं. टवका बदलायलाही माल तोच हवा, कारण पुढच्या भट्टीची छटा वेगळी. त्यामुळे दिवाणाखाली जादा खोकी, त्यांवर शेड नंबर आणि बॅच नंबर जपलेले. लेकीची पत्रिका सापडायला वेळ लागला होता, हा नंबर झोपेतून उठवला तरी सांगतील. त्या खोक्यांवर काकू पापडांचे डबे ठेवतात.

मग सोसायटीचा पुनर्विकास निघाला. विशेष सर्वसाधारण सभा. वाढीव कार्पेट, कॉर्पस, दोन वर्षांचं भाडं, सगळं तासाभरात उरकलं. बिल्डरच्या माणसाने नमुना उभा केला, ८०० बाय १६००. "सांधे कमी, त्यामुळे खोली मोठी दिसते."

काका उठले. "मोठी दिसते, तर मोठीच का नाही देत?"

टाळ्या पडल्या. तिथेच थांबले असते तर काका नेते झाले असते. पण त्यांनी खडू काढला. हॉल सोळा फूट, त्यात लांबीत तीन टाइल्स, वर पावणेतीन इंचांची पट्टी. ती पट्टी कोणत्या भिंतीला, हे करारनाम्यात लिहून मिळावं. रात्री साडेदहाला कोरम उरला नाही. विषय पुढे ढकलला, आणि वैतागलेल्या सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, "काकांच्या सूचनेनुसार दोन बाय दोनचा विचार व्हावा."

पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचन संपायच्या आत काकांचा हात वर.