चौबे कॉलोनीचे अर्थिंग

पाठीवर गिटार अडकवलेल्या माणसाला पुण्याच्या फलाटावर जेवढा मान मिळतो, तेवढा आझाद हिंद एक्सप्रेसच्या डब्यात मिळत नाही. फलाटावर दोन-चार कॉलेजची पोरे आदराने बघतात. डब्यात मात्र "हे धूड कुठे ठेवणार?" एवढाच प्रश्न सहा चेहऱ्यांवर उमटतो. बर्थखाली ती मावत नाही. वरच्या बर्थवर ठेवली तर गाडीच्या हरेक हिसक्याला आतून तारा कण्हतात. शेवटी ती पाय पसरून झोपते आणि आपण तिच्या सोयीने पाय दुमडतो.

मी निघालो होतो रायपूरला, आत्याकडे. आत्याच्या नातीला, म्हणजे माझ्या भाचीला, इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती. साधी गिटार ती चांगली वाजवते. पण आता तिला तारेत वीज हवी होती.

"तू कॉलेजात वाजवायचास ना रे? मग ये निवडून द्यायला," आत्या फोनवर म्हणाली. "इथले दुकानदार फसवून राहिले."

"कुठल्या दुकानात गेला होतात?"

"अजून कुठेच नाही. पण फसवतीलच ना!"

तज्ज्ञ म्हणून जाताना हात रिकामे बरे दिसत नाहीत, म्हणून माझी जुनी गिटार बरोबर घेतली होती. समोरच्या बर्थवर हावड्याला निघालेले एक वयस्कर बंगाली गृहस्थ होते. त्यांनी गिटारच्या पिशवीवर मायेने हात ठेवला आणि विचारले, "हवाईयन?" मी म्हटले, नाही, साधीच. त्यांचा चेहरा पडला. पुढे भुसावळपर्यंत त्यांनी मला सुनील गांगुली, हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ली यांच्याविषयी सांगितले. ही मंडळी सिनेमाची गाणी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर वाजवायची. गिटार आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. त्यांच्या मते गिटार उभी धरून तिला खाजवणे हा नंतर शिरलेला असभ्यपणा होता.

गोंदिया गेले, सालेकसा गेले, दरेकशाच्या जंगलात महाराष्ट्र संपला. डोंगरगडला टेकडीवरच्या बम्लेश्वरीला सगळ्या डब्याने खिडकीतून हात जोडले. राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि मग रायपूर. स्टेशनातून बाहेर आल्यावर रिक्षावाल्याने आधी गिटारकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आर्केस्ट्रा वाले हो, भैया?" मी नाही म्हटल्यावर त्याने भाडे थोडे कमी सांगितले. त्यातले दुःख मी गिळले.

चौबे कॉलोनी समता कॉलोनीला लागून आहे. इथे महाराष्ट्र मंडळ आहे, 1935 मध्ये स्थापन झालेले. त्यामुळे पत्ता सांगताना आमची सगळी मंडळी "मंडळाच्या अलीकडे" किंवा "मंडळाच्या पलीकडे" एवढेच सांगतात. नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांबरोबर या मुलखात 1741 मध्ये उतरले. आत्याचे सासरे बरेच नंतर आले, बदलीवर. पण घरात विषय निघाला की ही दोन आगमने एकाच दमात सांगितली जातात. पोळा तोंडावर आला होता. बाजारात मातीचे नंदी मांडलेले आणि आत्याच्या डब्यात ठेठरी आणि खुरमी. एका ताटात पुरणपोळी आणि ठेठरी शेजारी शेजारी बसलेली पाहिली की राज्य पुनर्रचना आयोगाने उगाच त्रास घेतला असे वाटते.

आतोबा भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, विजेच्या खात्यातले. चहा संपायच्या आत त्यांनी बैठक बोलावली.

"पहिला मुद्दा," आतोबा म्हणाले, "पोलाद भिलाईचे, ॲल्युमिनियम कोरब्याचे. मग गिटार जपानची काऊन?"

"आबा, गिटार लाकडाची असते," भाची म्हणाली.

"लाकूड तर बस्तरमध्ये पाहिजे तेवढे!"

दुसरा मुद्दा आत्याचा. भाचीने मोबाईलवर दाखवलेल्या चित्राकडे ती बराच वेळ बघत होती. "बाप्पा! हिच्या पोटाला भोकच नाही. आवाज येणार कुठून?"

सगळ्या बैठकीत नेमका प्रश्न हाच होता. साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ पोटात वाढतो आणि भोकातून बाहेर येतो. इलेक्ट्रिक गिटार बहुतेक वेळा भरीव फळी असते. तारांखाली चुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत चिमूटभर वीज तयार होते. फॅरडेने 1831 मध्ये दाखवून ठेवलेली हीच गोष्ट. ती वीज ॲम्पमध्ये जाते आणि आवाज तिथून निघतो. तेव्हा नुसती गिटार घेणे म्हणजे अर्धेच वाद्य घेणे.

"म्हणजे जनरेटर," आतोबा समाधानाने म्हणाले. त्या क्षणापासून गिटार हा त्यांच्या खात्याचा विषय झाला.

"पण ती मांडीवर आडवी ठेवूनच वाजवायची," त्यांनी पुढे सुनावले. "आमच्या वेळेस भिलाईत बंगाली लोक तशीच वाजवायचे." भाची हसली. मला मात्र हसता येईना, कारण इतिहास आतोबांच्या बाजूचा आहे. ज्या इलेक्ट्रिक गिटारपासून हा सगळा धंदा सुरू झाला, ती जॉर्ज बोशॉम्प आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी 1931 च्या सुमारास अमेरिकेत बनवली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायचीच हवाईयन गिटार होती. दिसायला लांब दांड्याच्या तव्यासारखी, म्हणून तिला फ्राइंग पॅनच म्हणत. आणि ती ओतीव ॲल्युमिनियमची होती. हे मी बोलून गेलो आणि आतोबांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिले. "कोरबा," ते म्हणाले.

मी त्यात आणखी तेल ओतले. ज्या लिओ फेंडरने टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर घडवल्या, तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नसे. "मग माझ्यात काय कमी आहे?" असे म्हणून आतोबांनी शर्ट बदलला आणि टेस्टर खिशात टाकला.

दुकान शहरात गजबजलेल्या रस्त्यावर होते. आम्ही गेलो पाच जण, त्यात मंडळातल्या एक शेजारीणबाई. त्यांना बाजारातून फक्त तीजेच्या बांगड्या घ्यायच्या होत्या. भिंतीवर गिटार टांगलेल्या. नीट पाहिले तर जगातल्या बहुतेक दुकानांत तीनच घराण्यांची संतती टांगलेली असते: 1951 ची टेलिकास्टर, 1952 ची लेस पॉल आणि 1954 ची स्ट्रॅटोकास्टर. नावे बदलतात, किमती बदलतात, पण नाकडोळे तेच. रायपूर पडले मुंबई-हावडा मार्गावर. एका टोकाला 1865 पासूनचे वाद्यविक्रेते फुर्ताडो, दुसऱ्या टोकाला कोलकात्याचे गिटार बनवणारे कारखाने. भिंतीवर दोन्हीकडचा माल सुखाने शेजारी लटकत होता.

"यात दुसरा रंग दाखवा," आत्याने सुरुवात केली.

"आंटीजी, ये पीस देखिए, एकदम रॉकस्टार," म्हणत दुकानातल्या पोराने एक काळी, चार दिशांना टोके काढलेली गिटार उतरवली. ॲम्पवरची विकृतीची, म्हणजे डिस्टॉर्शनची, कळ टोकापर्यंत फिरवली आणि तो असा काही सुटला की शेजारीणबाई बांगड्यांचे दुकान शोधायला निघून गेल्या. वाजवून झाल्यावर त्याने अभिमानाने पाहिले. भाचीने शांतपणे ॲम्पवर हात नेला, ती कळ शून्यावर आणली आणि म्हणाली, "अब बजाओ भैया।"

पोराला एकदम महत्त्वाचा फोन आला.

हे तिचे फार शहाणपणाचे. विकृतीचा धूर केला की कुठलीही गिटार सारखीच भीषण वाजते. स्वच्छ आवाजात मात्र कुठला फ्रेट खरखरतो, कुठली तार लवकर विझते, सगळे कळते. टोकेरी गिटारला शिवाय फ्लॉइड रोझ पद्धतीचा तरंगता ब्रिज होता. स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला. त्यात एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात, आणि नवी घालायला षट्कोनी चावी लागते. पहिल्या गिटारला हा संसार नको. आतोबांना मात्र तो ब्रिज फार आवडला. यंत्र ते यंत्र!

मग भाचीने खुर्ची मागितली आणि एक एक गिटार ॲम्पशिवाय वाजवून बघितली. साध्या गिटारवरून येणाऱ्याची इथे गंमत होते. साधीला तारा जाड, बहुधा 12 च्या संचातल्या. इलेक्ट्रिकला 9 किंवा 10 च्या. एफ बार कॉर्डने ज्याचे मनगट दोन वर्षे रडवले, त्याला तो इथे फुकटात मिळतो. पण बोटांची सवय जुनी. ती दाबतात तेवढ्याच जोराने, आणि सूर वर सरकतो. गिटार बेसूर नसते, पंजा बैलाचा असतो. शिवाय साध्या गिटारवर न वाजवलेली तार गप्प बसते. इथे आवाज वाढवला की न बोलावलेल्या तारा आपोआप गाऊ लागतात आणि त्यांना तळहाताने दाबत बसावे लागते. अर्धे कसब वाजवण्याचे, अर्धे न वाजू देण्याचे.

मी मानेच्या कडेवरून बोट फिरवले. रायपूरच्या मे महिन्यात लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके बाहेर येऊन बोटे ओरबाडतात. पावसाळ्यात तेच लाकूड ओल पिऊन मान वाकवते. त्यासाठी मानेच्या आत पोलादी सळई असते, ती चावीने फिरवून वाक काढता येतो. "सळई कुठली?" आतोबांनी लगेच विचारले. दुकानदार म्हणाला, माहीत नाही साहब. "भिलाई की होगी," आतोबांनी परस्पर प्रमाणपत्र दिले. जिथे 260 मीटरचे रूळ तयार होतात, तिथे एवढीशी सळई काय मोठी, असा त्यांचा हिशेब.

शेवटी दोघी उरल्या. एक कोलकात्याकडची लेस पॉलची नक्कल, दिसायला राजेशाही, खांद्यावर घेतली की हमालाची आठवण देणारी. दुसरी यामाहाची पॅसिफिका, 012. हिच्या ब्रिजजवळ हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, आणि पुढे दोन साधे पिकअप, म्हणजे सुगम संगीतापासून हाणामारीपर्यंत सोय. भाचीने डोळे मिटून दोन्ही वाजवल्या, मग पॅसिफिका मांडीवरून खाली ठेवेचना. मी काही बोललोच नाही. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञाने एवढे तरी करावे. रंग आत्याने निवडला, निळा. "काळा शुभ दिसत नाही गणपतीत."

बरोबर एक छोटा ॲम्प घेतला, हेडफोनची जागा असलेला. ही जागा नसलेला ॲम्प कॉलोनीत राहणाऱ्याने घेऊच नये.

घरी आलो, प्लग लावला, आणि भाचीने तारेला हात लावण्याआधीच ॲम्पमधून घुंऽऽऽ असा आवाज सुरू झाला. तारांना हात लावला की थोडा कमी, सोडला की पुन्हा. आत्याने ठरवून टाकले, "फसवलं!"

आतोबांनी मान तिरकी करून ऐकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आले. "पन्नास हर्ट्झ," ते म्हणाले. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. साधा पिकअप तारेबरोबर हे हेलकावेही इमानाने ऐकतो. त्याच्यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने 1955 मध्ये हंबकर काढला: दोन वेटोळी उलटसुलट जोडायची, म्हणजे गुणगुण एकमेकींना खाते आणि सूर तेवढा उरतो. भाचीने कळ हंबकरवर नेली. घुं निम्मे झाले, पण गेले नाही. आतोबांनी टेस्टर आणि दिवा लावून तीन पिनांचे सॉकेट तपासले. तिसरे भोक होते, पण त्याच्यामागची तार भिंतीत शिरून कुठेही जात नव्हती. सासरेबुवांनी घर बांधल्यापासून ती तशीच होती.

आतोबांनी अंगणात खड्डा खणायचा हुकूम दिला. अर्थिंगचा खड्डा: त्यात पट्टी किंवा नळी, भोवती कोळसा आणि मीठ, ओल धरून ठेवायला. जागा नेमकी तुळशीजवळ. आत्या दारात आडवी उभी राहिली. नातीला गाणे वाजवायचे म्हणून घरात मीठ पुरायचे, हे तिला मान्य होईना. आतोबा एकदाचे वैतागले. "मग तिला खैरागडला पाठव. तिथे राजवाड्यात 1956 पासून विद्यापीठ आहे संगीताचे. सतारीला वीज लागत नाही!"

मग मी स्कॉटलंडच्या लेस हार्वेची गोष्ट सांगितली. चांगला नावाजलेला गिटारवादक. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात कार्यक्रमाच्या वेळी अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला आणि तो रंगमंचावरच गेला. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ॲम्पच्या धातूला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये गळती असेल आणि अर्थिंग नसेल, तर वीज वादकाच्या बोटापर्यंत येऊन बसते. इथे विनोद नाही.

आत्या काही न बोलता आत गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली. "अजून लागलं तर वाण्याकडून आणते."

खड्डा खणायला आलेल्या माणसाने संध्याकाळी शेवटचा नट आवळला, हात झटकले आणि म्हणाला, "अब बने हे, साहब." भाचीने प्लग लावला. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. पहिला स्वर वाजला तेव्हा आतोबा खड्ड्याकडे बघत होते; गिटारकडे बघायला बाकीचे होतेच.

तेव्हा साध्या गिटारवरून विजेच्या गिटारवर जाणाऱ्या वाचकांना एवढेच सांगणे: निवड बोटे करतात, त्यात पाहुण्या तज्ज्ञाची गरज नाही. पण गिटार आणण्याआधी वायरमनला बोलावून भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागची तार खरोखर जमिनीत जाते का ते बघून घ्या. जात नसेल तर खड्डा जाणकाराकडूनच करून घ्या. मीठ जाडे लागते. स्वयंपाकघरातले संपवू नका, घरात जेवायचेही असते.