टकटक थांबली म्हणून खूश?

"वहिनी, अहो वहिनी! कपडे राहू द्या जरा, ऊन काही पळून जात नाही. आधी सांगा, परवाच्या वळिवात तुमचं काय काय गेलं? पलीकडच्या बंगल्यात टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि वायफायचा डबा, तिन्ही एका दमात गेले."

"अगंबाई! पण ते तर म्हणत होते, कडकडाट सुरू झाल्याबरोबर टीव्हीचा प्लग काढला म्हणून."

"काढला ना. केबलची वायर मात्र मागे खोचलेलीच! वीज काय फक्त मीटरमधूनच येते होय? आली केबलवरून, शिरली आत. आणि आता ज्याला त्याला अडवून सांगताहेत, एवढा महागाचा स्टॅबिलायझर, तरी जळालं कसं. अहो, स्टॅबिलायझर असतो कमी-जास्त व्होल्टेजसाठी. त्यातल्या रिलेला हलायला सेकंदाचा शंभरावा भाग तरी लागतो. विजेचा झटका सेकंदाच्या लाखाव्या भागात येऊन, जाळून, निघूनही जातो. हा बिचारा चपला घालीपर्यंत चोर वेस ओलांडून गेलेला."

"आमचं काही नाही गेलं हो काकू. उलट बरंच झालं. फ्रिजचा स्टॅबिलायझर रात्रंदिवस टकटक करायचा ना, तो वळिवापासून अगदी गप्प आहे. हे म्हणाले, विजेनं सरळ केलं त्याला."

"गप्प आहे?"

"हूं की चूं नाही."

"भाऊजींना म्हणावं, हसा नंतर. ती टकटक म्हणजेच त्याचं काम चालू असतं, वहिनी. आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला निरनिराळ्या ठिकाणी तारा काढलेल्या. व्होल्टेज उतरलं की एक रिले टक करून वरच्या तारेवर जातो, चढलं की दुसरा टक करून खाली आणतो. आपल्या गल्लीत संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी, मिक्सर, टीव्ही एकदम सुरू. व्होल्टेज 190 वर. मध्यरात्री सगळे झोपले की 240. मग दिवसातून टकटक व्हायलाच हवी की नको? होत नाही म्हणजे रिलेचे पॉइंट चिकटले असणार. झटक्यानं ठिणगी पडते आणि ते वेल्डिंग केल्यासारखे बसतात."

"चिकटले तर चिकटले. फ्रिज तर चालतोय. बर्फसुद्धा होतोय."

"संध्याकाळी चालणारच! 190 चे तो सव्वादोनशे करून देतो, फ्रिज खूश. पण रात्री 240 आले तरी हा आपला त्याच तारेवर. तेवढ्याच पटीनं वाढवत राहणार. करा हिशेब, 280 च्या वर गेले की नाही? आणि रात्री बघायला उठतंय कोण! मला सांगा, रात्री फ्रिज उघडल्यावर आतला दिवा कसा दिसतो?"

"अय्या! परवा दुधाला विरजण लावायचं राहिलं म्हणून बाराला उठले, तर डोळेच दिपले. मी म्हटलं, झोपेतून उठल्यामुळे असेल."

"झोपेमुळे नाही. तुमचा फ्रिज जुना, आत तारेचा पिवळा दिवा. तो पांढरा पडला म्हणजे व्होल्टेज चढलंय. नव्या एलईडीनं हे कळलंच नसतं."

"पण काटा तर बरोबर 230 च्या आसपास असतो की हो!"

"काट्याखालचं बटण कुठं आहे, 'इन'वर की 'आउट'वर?"

"बटण? तिथं चिंध्या असतात. मी कधी पाहिलंच नाही."

"बघा म्हणजे झालं. 'इन'वर असेल तर तो काटा खांबावरून काय येतंय ते सांगतो, फ्रिजला काय जातंय ते नाही. गडहिंग्लजला माझ्या जाऊबाईंकडे हेच झालं. काटा बघत राहिले आणि कॉम्प्रेसर जळाला. स्टॅबिलायझर पार मेलेला परवडला हो, निदान फ्रिज बंद पडतो आणि माणूस धावतो. हा असा अर्धमेला फार वाईट."

"मग आता काय करू? नवीनच घेते कशी."

"थांबा, लगेच दुकान गाठू नका. आधी फ्रिजचा प्लग त्याच्यातून काढा. डायरेक्ट भिंतीच्या सॉकेटलाही लावू नका, संध्याकाळी 190 वर कॉम्प्रेसर नुसता घुरघुरत तापतो. दूध आजच्या दिवस माझ्याकडे ठेवा. संध्याकाळी आमचा भाचा येतोय, आयटीआय झालेला, मीटर घेऊन. आठला एकदा आणि रात्री एकदा आउटपुट मोजायला लावते. भाऊजींना मात्र ते खोके उघडू देऊ नका. पेटी बंद दिसली तरी प्लग भिंतीत असेल तर आतली तार जिवंतच असते."

"ते उघडायचेच. परवा पंखा उघडला, अजून मिटला नाही."

"म्हणून तर सांगते! आणि भाच्याला तो निळा चकतीसारखा तुकडाही बघायला सांगू, चण्याच्या डाळीहून जरा मोठा असतो. झटका तोच अंगावर घेतो. आमच्याकडचा काळा पडून चिरला होता. तो गेला तरी पेटी चालत राहते, पण पुढच्या वेळी मध्ये कुणी नाही. रिले आणि ती चकती बदलायला फार पैसे पडत नाहीत."

"कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला होता, जुना आणून द्या, नव्यात पैसे कमी करतो."

"करेलच! जुन्यात तांब्याचं वाइंडिंग असतं, त्याला भंगारात बरा भाव येतो. नव्या स्वस्तातल्यांत बरेचदा ॲल्युमिनियम. भाच्यानं झाकण काढलं की आधी तार बघू, मग ठरवू कोण कुणावर उपकार करतंय ते. आणि हो, तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातलंत शेवटचं?"

"अर्थिंगचा खड्डा? कुठं आहे तो?"

"अहो, त्यावरच तुम्ही मोगऱ्याची कुंडी ठेवलीय!"